गालाच्या गोदामातलं सोपट

ती घटना आजही आठवते, आणि त्यासाठी मला डायरी उघडावी लागत नाही. कुणाच्या घरी सत्यनारायण असला आणि चौरंगाच्या चार कोपऱ्यांना केळीचे खुंट बांधलेले दिसले, की पुरे. सगळे पोथी ऐकत असतात आणि मी विचार करत असतो, की पूजा आटोपल्यावर हे खुंट कोण नेणार. बायको म्हणते, तुमची पोलिसी नजर देवासमोर तरी मिटा.

आधी एक खुलासा करतो. मी महाराष्ट्र पोलीस दलात तेहेतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा अमली पदार्थ विरोधी पथकात. पण ही केस आमच्या खात्याच्या कागदावर कुठेही सापडणार नाही. निवृत्तीनंतर घरी बसून मी बायकोच्या स्वयंपाकघराची झडती घ्यायला लागलो, तेव्हा तिनंच मला मस्कतची नोकरी घ्यायला लावली. दोन हजार दहाचं दशक निम्मं सरलं होतं. दिवे, वायरिंग आणि एसी बसवणारी एक मोठी कंपनी होती. तिची गोदामं गालाच्या औद्योगिक भागात आणि स्टाफचे फ्लॅट वादी कबीरला. मी तिथे सुरक्षा अधिकारी. हाताखाली चार वॉचमन आणि एक चहाची किटली. गेटपास तपासायचे, किल्ल्यांचं रजिस्टर बघायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. एवढी सुखाची ड्यूटी मला खात्यात कधी मिळाली नव्हती.

एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आमचा एसी मेकॅनिक माझ्या केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. रत्नागिरी जिल्ह्यातला, चाळिशीचा, अंगानं किरकोळ आणि कामाला वाघ. मी बस म्हटलं तरी बसेना. माझा अनुभव असा, की भांडण घेऊन येणारा माणूस आधी खुर्ची ओढतो आणि खबर घेऊन येणारा उभाच राहतो. मी वॉचमनला चहा आणायला पाठवलं आणि दार लोटलं.

त्यानं सांगितलं ते असं. गोदामाच्या अगदी मागे एक खोली होती. गिऱ्हाइकांकडून परत आलेला माल तिथे पडून असायचा आणि वर्षानुवर्षं कुणी तिकडे फिरकत नसे. काही महिन्यांपूर्वी त्याच्या खणात एक जॉब कार्ड आलं होतं, की उष्म्यानं माल खराब होतोय, त्या खोलीत एसी बसवावा. त्यानं बसवला. परवा फिल्टर साफ करायला गेला तर दाराला नवं कुलूप. आतून एसी चालू, आणि दाराखालच्या फटीतून जांभळा उजेड.

"साहेब, आत माणूस रहात नाय, मग थंडीच्या दिवसांत एसी कशाला?" तो म्हणाला. "आनि वास येतो. वास वळखीचा हाय. आमच्या देवळामागं एक बाबा बसायचा, त्याच्या चिलमीचा."

मी त्याला गप्प राहायला सांगितलं आणि स्वतः जाऊन त्या दाराशी वाकलो. गुडघे बोलले, पण नाकानं दगा दिला नाही. सहा वर्षं ज्या वासामागे जंगलं तुडवली तो विसरतो थोडाच. मेकॅनिक घाबरला होता. त्या देशात अशा गुन्ह्याला किती कडक शिक्षा आहे हे तिथल्या प्रत्येक भारतीय माणसाला ठाऊक असतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "तू खबर दिलीस, तू साक्षीदार. तुझ्या केसाला धक्का लागणार नाही. मी आहे ना."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते नंतर बरेच दिवस विसरता आलं नाही.

आमचे मालक म्हणजे एक वयस्क ओमानी गृहस्थ, सगळे त्यांना अर्बाब म्हणत. त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी हातातला कहवा खाली ठेवला आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता पोलिसांना कळवा, यल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आले. त्यांचा अधिकारी तरुण, बलुची घराण्यातला, आणि आपल्याकडच्या निम्म्या लोकांपेक्षा सफाईदार हिंदी बोलणारा. मी निवृत्त पोलीस आहे हे कळल्यावर त्यानं मला अदबीनं सोबत घेतलं. आपुलकीनं अंकल म्हणायला लागला. मी फुशारलो. तेहेतीस वर्षं सलाम घेतलेल्या माणसाला निवृत्तीनंतर कुणी विचारलं, की तो फुलतोच.

कुलूप तोडलं. आत जुन्या मालाचे खोके रचलेले, आणि त्यांच्यामागे जिप्सम बोर्डाची एक नवीकोरी भिंत. त्या भिंतीपलीकडे जे दिसलं ते मी कधीही पाहिलं नव्हतं. आमच्याकडे गांजा सापडायचा तो तुरीच्या नाहीतर कपाशीच्या पिकात लपवलेला, पुरुषभर उंच, वेडावाकडा वाढलेला. इथे तीसेक झाडं होती आणि सगळी कमरेएवढी, वरून टेबलासारखी सपाट. शेंडे खुडलेले, फांद्या आडव्या वाकवून बाजूला बांधलेल्या, त्यावर जाळी ताणलेली. खोलीच्या एका अर्ध्या भागात रस्त्यावर लावतात तसल्या दिव्यांचा पिवळा उजेड आणि दुसऱ्या अर्ध्यात एलईडीचा जांभळा. कोणत्या उजेडात झाड कसं वाढतं याची कुणीतरी निगुतीनं तुलना चालवली होती. प्रत्येक कुंडीला छापील चिठ्ठी. गुन्हा बाजूला ठेवला तर हे हात कसबी माणसाचे होते, आणि हे मी तेव्हाही मनात कबूल केलं.

मग मी वाकून फांद्यांची बांधणी बघितली आणि माझी जीभ सुटली.

आमचं घर सांगली जिल्ह्यातलं, पानमळ्याचं. लहानपणी मी पानवेली बांधल्या आहेत. वेल बांधताना दोरी नुसती आवळून चालत नाही. देठ उद्या जाड होणार, त्याला जागा ठेवावी लागते. इथे प्रत्येक गाठीत तशी जागा ठेवलेली होती. पण आम्ही बांधतो लव्हाळ्यानं, आणि इथे होतं केळीचं सोपट, म्हणजे केळीच्या खांबाच्या सालीची वाळलेली पट्टी. रत्नागिरी जिल्ह्यात माझी तीन वर्षं बदली होती तेव्हा तिथले बागायतदार मिरीचे वेल असे सोपटानं बांधताना मी पाहिलं होतं. मी ताठ उभा राहिलो आणि अधिकाऱ्याला हिंदीत हे सगळं ज्ञान ऐकवलं. वर निकालही देऊन टाकला, की ज्यानं हे केलं तो कोकणातला माणूस आहे.

त्यानं ते शब्दशः लिहून घेतलं. मग शांतपणे विचारलं, की तुमच्या कंपनीत या खोलीपर्यंत पोचू शकणारे कोकणातले किती जण आहेत.

एकच होता. तो माझ्या मागे हातात हत्यारांची पेटी घेऊन उभा होता, आणि त्याला तिथे साक्षीसाठी मीच हाताला धरून आणलं होतं.

पुढचं भराभर झालं. एसी त्यानं बसवलेला, वायरिंग त्याचं, हातांचे ठसे त्याचे. ज्या जॉब कार्डावर तो भरवसा ठेवून होता ते फाइलमध्ये सापडेना. मग खबर त्यानं का दिली, असं मी विचारलं. अधिकारी म्हणाला, अंकल, नवं कुलूप भागीदारानं लावलं असेल, दोघांत बिनसलं असेल, असं आम्ही रोज बघतो. खरं सांगायचं तर त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हटलं असतं. मेकॅनिकला चौकशीसाठी ताब्यात घेतलं. गाडीत बसताना त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, जणू मलाच धीर देत होता.

खात्यात असताना मी एकाही खबऱ्याचं नाव फोडलं नाही. वरिष्ठांनी विचारलं तरी नाही, कोर्टात विचारलं तरी नाही. आणि इथे, स्वतःची हुशारी दाखवायच्या नादात, मी माझ्या खबऱ्यालाच आत घातलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. त्या दिवशी दुपारीच त्याच्या बायकोचा गावाहून फोन आला. अडीअडचणीला म्हणून त्यानं माझा नंबर तिला देऊन ठेवला होता.

"साहेब, ह्यांचा फोन लागत नाय," ती म्हणाली. "बरे हायत ना?"

मी म्हटलं, बरा आहे, मोबाइल बिघडलाय. आयुष्यात मी आरोपींशी शेकड्यांनी खोटं बोललो असेन, त्याचं कधी काही वाटलं नाही. या एका खोट्याचं मात्र वाटलं.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यानं मला त्याला भेटू दिलं. माणुसकीनं वागवत होते, खायला-प्यायला नीट देत होते. त्याचा जबाब तोच होता, जॉब कार्ड आलं म्हणून एसी बसवला. मी निघालो तेव्हा तो म्हणाला, "साहेब, तुम्ही हायत म्हणून मी घाबरत नाय." कोकणातला माणूस ही कल्पना पोलिसांना कुणी दिली, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर आल्यावर अधिकारी म्हणाला, की परवा कागद सरकारी वकिलांकडे जातील आणि मग त्याच्याही हातात काही राहणार नाही.

घरी येऊन मी सुन्न बसलो. बायको संध्याकाळची भाजी निवडत होती. तिला मी केसमधलं सहसा सांगत नाही, त्या दिवशी सगळं सांगितलं, माझ्या जिभेसकट. तिनं भाजी बाजूला ठेवली आणि जो प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता तो विचारला. हे सोपट मस्कतमध्ये आणलं कुठून?

बरोबर होतं. दुकानात केळी मिळतात, केळीचा खांब नाही. आणि मेकॅनिक दिवसभर छतावर आणि रात्री सहा जणांच्या खोलीत. त्याला केळीची बाग कुठली?

"खांब म्हणाल तर आपल्याच पूजेला आणले होते," ती म्हणाली. "मस्कतबाहेरच्या बरक्याच्या बागेतून. वादी कबीरला कुणाकडेही सत्यनारायण असला की तिथूनच येतात."

"आणि पूजेनंतर?"

"पूजेनंतर ते नेतात ना, तिसऱ्या मजल्यावरचे. दरवेळी तेच नेतात. निर्माल्य कचऱ्यात टाकलेलं बरं दिसत नाही, मी समुद्रात सोडतो म्हणतात."

तिसऱ्या मजल्यावरचे म्हणजे आमच्या कंपनीचे लायटिंग इंजिनियर. पुण्याचे, गोरेगोमटे, मृदू बोलणारे. मुलं तिथल्या मोठ्या शाळेत, पत्नीचा गळा गोड. कुणाच्या कुंडीतली तुळस सुकली की लोक यांना बोलवायचे. आमच्या पूजेचे चारही खुंट त्यांच्या गाडीच्या डिकीत मी स्वतः ठेवले होते आणि वर धन्यवादही दिले होते. पोलीस अधिकाऱ्यानं मुद्देमाल आरोपीच्या गाडीत भरून द्यावा, याला काय म्हणावं?

पण निर्माल्य नेणं हा गुन्हा नव्हे. आणि या खेपेला मी जीभ आवरली. एक निरपराध माझ्या अंदाजानं आत गेला होता, दुसराही तसाच जायचा. सकाळी अधिकाऱ्यासमोर बसलो आणि आधी माझी चूक कबूल केली, की सोपट कोकणात वापरतात एवढंच मला माहीत होतं, पुढचं सगळं मी ठोकून दिलं. मग खुंटांचं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि खजुराचं ताट पुढे सरकवलं.

"अंकल, आपने बोला, मैंने लिखा," तो म्हणाला. "अब मैं लिखूँगा नहीं। अब आप दिखाओ."

त्याच दुपारी इंजिनियर साहेबांना गोदामात बोलावलं, तज्ज्ञ म्हणून. पोलिसांना दिव्यांची माहिती हवी आहे, एवढंच सांगितलं. झाडं सील केलेल्या खोलीत तशीच होती. सगळ्या गाठींचे फोटो आधीच काढलेले होते. त्यातली एक गाठ अधिकाऱ्यानं माझ्या सांगण्यावरून स्वतः सैल करून ठेवली.

इंजिनियर आले, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून. पिवळा दिवा म्हणजे काय, जांभळा म्हणजे काय, कुणाची उष्णता किती, सगळं शाळेत शिकवावं तसं इंग्रजीत समजावलं. या खोलीत पहिल्यांदाच येतोय, असंही सांगितलं. एक शब्द चुकला नाही. मी मनात म्हटलं, हा बोलण्यात सापडणारा नाही.

तेव्हा मी झाडांकडे वळलो आणि मराठीत कुरकुर सुरू केली. मेकॅनिक अडाणी, त्यानं झाडांची पार वाट लावली. शेंडे तोडले, फांद्या मोडल्या, जिथे तिथे चिंध्या बांधल्या. एवढे महागाचे दिवे लावून झाडं खुरटवून ठेवली. इंजिनियरांचे कान लाल झाले. मी आणखी म्हटलं, असल्या धसमुसळ्या हातांना बागकाम कुठून जमणार.

"मोडलेल्या नाहीत त्या," ते हळूच म्हणाले. लगेच सावरून म्हणाले, "म्हणजे, दिसतंय तसं."

मी मान डोलावली. अधिकारी झाडांच्या मधून पुढे गेला आणि जाता जाता त्याच्या कोपरानं ती सैल गाठीची फांदी सुटली. आडवी बसवलेली फांदी सपकन वर आली आणि जाळीत अडकून वाकडी झाली.

इंजिनियरांचा हात पुढे गेला. त्यांनी फांदी अलगद खाली घेतली, सोपटाचं टोक ओठांत धरून ओलं केलं, दोन वेढे घेतले, आणि गाठ मारण्याआधी देठ आणि सोपट यांच्यामध्ये स्वतःची करंगळी घातली. जागा मोजून गाठ मारली, करंगळी काढली. हे सगळं व्हायला फार तर पाच-सहा सेकंद लागले असतील. मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि हात तिथेच थांबला.

अधिकाऱ्यानं ती गाठ पाहिली, शेजारची पाहिली, त्याच्या शेजारची पाहिली. सगळीकडे करंगळीएवढीच जागा होती.

"शुक्रिया, इंजिनियर साब," तो म्हणाला.

त्यानंतर त्यांनी फारसे आढेवेढे घेतले नाहीत. जॉब कार्ड त्यांनीच मेकॅनिकच्या खणात टाकलं होतं आणि नंतर फाइलमधून काढलं होतं. त्याची कार्बन कॉपी त्यांच्या ड्रॉवरमध्ये मिळाली. आजोळ कोकणातलं, मामाच्या बागेत लहानपणी मिरवेली बांधल्या होत्या. प्लास्टिकची पट्टी देठाला कापते, सोपट कापत नाही, हे मामांनी शिकवलेलं. म्हणजे माझा अंदाज निम्मा बरोबर होता. निम्मा बरोबर अंदाज सगळ्यात वाईट, कारण तो माणसाला पूर्ण खरा वाटतो. मी त्यांना विचारलं, एवढी कला होती तर टोमॅटो का नाही लावलेत? ते म्हणाले, टोमॅटोला कोण वा म्हणतं. माल कुणाकडे जात होता ते पोलिसांनी पुढे शोधलं, त्यात मी पडलो नाही. त्यांना शिक्षा झाली. बायको-मुलं शाळेचं वर्ष अर्धं टाकून पुण्याला परतली, त्याचं मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

या केसनं मला एक गोष्ट शिकवली. कसबी माणूस चोरीचा आळ सोसेल, शिव्या सोसेल, पण त्याच्या हातचं काम बिघडलेलं त्याला बघवत नाही. हे मला इंजिनियरनं शिकवलं. दुसरा धडा मला मेकॅनिकनं दिला.

त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी सोडलं. मी गाडी घेऊन गेलो होतो. आधी त्याच्या हातात माझा फोन दिला आणि गावी बोलायला लावलं. तो बायकोशी बोलताना हसत होता, रडत होता, आणि मोबाइल बिघडल्याचं माझं खोटंही त्यानं निभावून नेलं. मग मी गाडी कडेला घेतली आणि सांगितलं, की हे कोकणातल्या माणसाचं काम आहे, असं पोलिसांना मीच म्हणालो होतो.

त्यानं माझा फोन परत माझ्या हातात ठेवला.

"म्हंजे आत पन तुम्हीच घातलं आनि भायर पन तुम्हीच काडलं," तो म्हणाला.

मी हो म्हटलं.

"मंग आता जेवायला पन तुम्हीच घाला. तिथं तीन दिवस मासा नाय मिळाला."

घरी बायकोनं सुरमई तळली. जेवण झाल्यावर तो गॅलरीत हात पुसत उभा होता. तिथे आमचा मोगऱ्याचा वेल गजावरून खाली लोंबत होता. त्या महिन्यात शेजारच्या एका पूजेत खुंटावरून सुटलेलं सोपट बायकोनं मोगऱ्यासाठी काढून ठेवलं होतं. ते तिनं त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, भाऊ, तुम्ही कोकणातले, जरा बांधून द्या.

त्यानं ती पट्टी उलटीपालटी करून बघितली. एक वेढा घेतला, तो सुटला. दुसरा घेतला, पट्टी तुटली. मग ओशाळून हसला.

"वयनी, माझं गाव खाडीवर," तो म्हणाला. "आमच्याकडं जाळी बांधतात ती नायलॉनची. ह्ये सोपट मी जल्मात कधी हातात धरलं नाय."

मी तिथेच स्टुलावर बसलो. तेहेतीस वर्षांची नोकरी, तीन दिवसांची कोठडी, आणि पहिल्याच सकाळी त्या खोलीत मी त्याला फक्त एवढंच म्हणायला हवं होतं, की बाबा, ही एक गाठ बांधून दाखव.

त्यानं पोलिसांकडून परत मिळालेल्या पेटीतून एसीच्या पाइपाला गुंडाळायची काळी पट्टी काढली आणि तिनं मोगरा गजाला घट्ट बांधून टाकला. करंगळीएवढी जागा काही त्यानं ठेवली नाही. आम्ही वादी कबीर सोडलं तोपर्यंत तो वेल तसाच होता, आणि फुलतही होता.